तोंड दाखव, मग बोल

अण्णा, तुमच्या वेळी मोबाईल ही कानाला लावायची वस्तू होती, आणि तुमच्या कानांचा तर पॉवरलूमच्या खडखडाटानं कधीच बोऱ्या वाजला होता. त्यामुळे तुम्ही त्या यंत्राच्या वाटेला गेला नाहीत. आता तो कानाला कोणी लावत नाही. तोंडासमोर धरतात. तुम्ही असतात तर तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला असता, असं मला हल्ली फार वाटतं. आज रविवार आहे, जेवण झालंय, एका माणसाची भांडी घासायला कितीसा वेळ लागतो, म्हणून बसलेय लिहायला. खाली गल्लीत निम्मे कारखाने बंद झालेत. उरलेल्यांचा आवाज येतो, पण तो आता पूर्वीसारखा जमिनीतून पायात चढत नाही. हे गेल्यापासून घरात टीव्हीसुद्धा लावत नाही मी. तुमची नात बंगळुरूला नोकरीला आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती, आबा आबा करत तुमच्या मांडीवर बसून तुमचे ओठ बोटांनी हलवायची. तीच. तिच्याबद्दलच सांगायचंय.

आधी तुम्हाला ते ॲप समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भुवया वर करून बसाल. मोबाईलमध्ये छोटे छोटे सिनेमे येतात, अर्ध्या-एक मिनिटाचे. कोणी नाचतं, कोणी वांगी चिरतं, कोणी बायकोला घाबरल्याची नक्कल करतं. बोट वर सरकवलं की दुसरा. संपतच नाही. कारखान्यात थान पुरं झालं की निदान लूम थांबवून कापड कापावं लागायचं. इथे कापायलाच कोणी नाही. आमच्या शाळेत सगळ्यांना नाद आहे आणि सगळे एकमेकांना नावं ठेवतात. आमच्या मुख्याध्यापिका बाई तर एकादशीला साबुदाण्याबरोबर मोबाईलचाही उपास करतात, ॲप काढून टाकतात, आणि द्वादशीला नैवेद्याच्या आधी परत टाकून घेतात. मी विचारलं, मग काढता कशाला? म्हणाल्या, जमतं का ते बघायला. खालच्या कारखान्यातला एक भैया शिफ्ट सुटली की ओट्यावर बसून तेच बघत असतो. मला वाटायचं, काय ती थेरं बघत असेल. एकदा भाजी घेऊन येताना सहज वाकून पाहिलं तर नुसतं तळं. तळ्यात म्हशी. मी बघतेय म्हटल्यावर तो ओशाळून म्हणाला, "मैडम, हमरे गाँव का तालाब है. एक लड़का रोज डालता है." त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात नावं ठेवणं बंद केलं. आणि आमच्या शाळेतल्या मावशी, अकलोलीकडच्या, त्यांच्या मोबाईलमध्ये ते ॲपच नाही. का हो मावशी, म्हटलं. तर म्हणाल्या, "बाई, माझ्या घरात बघाया माणसं हायत. त्यात कशाला बघू?" त्या सहज बोलल्या. पण मी तो अख्खा दिवस वर्गात पोरांवर उगाच खेकसत होते.

तर मी ते ॲप घेतलं ते तुमच्या नातीसाठी. ती संध्याकाळी कामावरून उठली की स्वतःचे व्हिडिओ करते. कामावरून उठली म्हणजे खुर्चीवरून. ऑफिस घरातच आहे तिचं, एका खोलीत. एकटीचा स्वयंपाक, एकटीचा रविवार, एकटीनं लावलेली कुंडी. हजारो लोक बघतात म्हणे. मी फोनवर विचारलं होतं, कशाला करतेस गं हे? म्हणाली, टाइमपास. मला वाटलं, मिरवायला करते. तरी बघायला लागले, आपलीच पोर, गोड दिसते. आणि मग मी माती खाल्ली. व्हिडिओच्या खाली लिहायची जागा असते. मला वाटलं, तिथे लिहिलं की तिला जातं, पोस्टकार्डासारखं. मी आपलं मायेनं लिहिलं, बाळा, पोट साफ होतंय का, नाहीतर रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घे, आणि खांदे झाक, तिकडे गारवा असतो. खाली "आई" असंही लिहिलं, म्हणजे गैरसमज नको. अण्णा, पोस्टकार्ड पोस्टमन तरी वाचायचा एकटा. हे सगळ्या भारतानं वाचलं. शेकडो लोकांनी खाली हसणारी तोंडं टाकली, कोणी विचारलं, काकू, मलाही होत नाही, मी काय घेऊ? तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती का हसत होती तेच मला कळेना. शेवटी म्हणाली, आई, प्लीज, तू ते ॲप काढून टाक. मी म्हटलं, बरं. आणि काढलं.

त्यानंतर आमचं बोलणं रविवारच्या फोनवर आलं. जेवलीस का. जेवले. तू? मीही. पाऊस आहे का. आहे. इथे नाही. बस. भांडण नव्हतं हो काही, भांडण असतं तर मिटवता आलं असतं. दोन्हीकडून सगळं मस्त होतं आणि बोलायला काही उरलं नव्हतं. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे आणि फोन ठेवला की वाटायचं, याचीच वाट बघत होते का मी? म्हणून मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी ते ॲप परत घेतलं. यावेळी नाव नाही, फोटो नाही, नुसतं जास्वंदीचं फूल. खाली काही लिहायचं नाही, अंगठासुद्धा दाखवायचा नाही. नुसतं बघायचं.

आणि आवाज बंद करून बघायचं. ती व्हिडिओवर गाणी चिकटवते, कर्कश, माझं डोकं उठतं. पहिल्याच दिवशी मी आवाज बंद केला आणि हातातलं निवडणं तसंच राहिलं. कारण ती बोलत होती, अण्णा. वर गाणं होतं, म्हणजे लोकांना फक्त गाणं ऐकू येत असणार. पण व्हिडिओ काढताना ती कॅमेऱ्याशी आपली बोलत असते आणि नंतर तो आवाज पुसून टाकते, असंच करतात म्हणे सगळे. आवाज पुसला, पण ओठ कोण पुसणार? ती म्हणत होती, "मीठ कुठे ठेवलंय मी?" आणि मी इथे भिवंडीत माझ्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या मागे बघ, फडताळात."

हे तुमचं देणं. निजामपुऱ्यातल्या त्या कारखान्यात तुम्ही मेहताजी, हिशेबाला आणि देखरेखीला, डब्बा घेऊन मी यायचे तेव्हा दारातच तो आवाज छातीवर आदळायचा. आत माणसं बोलत असायची, पण ओठांनी आणि हातांनी. करंगळी उभी केली की सुताची कांडी संपली. दोन बोटं भुवईला लावली की सेठ आला. अंगठा ओठाला टेकवला की चहा. आणि तळवा छातीवर दोनदा आपटला की लूम बंद कर आणि थांब, मी येतो. लूमच्या त्या टोकाला एखादा घाबरून उभा असला, धागा तुटून सगळा गुंता झाला असला, की तुम्ही किंवा लूम दुरुस्त करणारा जॉबर तिकडून छातीवर दोन थापा मारायचा, आणि तो माणूस हातातलं सगळं सोडून शांत उभा राहायचा. मला ते फार आवडायचं. पुढे तुम्हाला घरीही ऐकू येईनासं झालं. मी एकदा बाजारात तुमच्या कानाशी जाऊन ओरडले, अण्णा, पुढे खड्डा आहे म्हणून, आणि चार लोकांनी वळून बघितलं. तुम्ही तिथल्या तिथे थांबलात. मला वाटलं आता बसतेय एक. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ओरडायचं नाही. तोंड दाखव, मग बोल." आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते एवढंच असेल. शुक्रवारी लूम बंद असले की तुम्हाला झोप लागायची नाही, मग तुम्ही आम्हाला अकलोलीच्या कुंडांवर न्यायचात. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचात आणि पलीकडे बसलेल्या आईशी ओठांनीच काहीतरी बोलायचात, आणि ती लाजून पदर सावरायची. मी बघायचे, पण ते मी वाचायचं नसतं हे मला कळत होतं.

तर मी माझ्या लेकीचे ओठ वाचायला लागले. तिथे मात्र वाचू नये असं मला वाटलं नाही, आता आठवलं की थोडी शरम वाटते. पण काय सांगू तुम्हाला, ते माझे दिवसातले सगळ्यात चांगले क्षण असायचे. अख्ख्या जगाला गाणं ऐकू येतंय आणि माझी पोर काय बोलतेय ते मला एकटीलाच कळतंय. डाळ करपली, म्हणायची. कुंडीला म्हणायची, तू तरी जग बाई. एकदा म्हणाली, आईसारखी फोडणी काही जमत नाही. मी तेवढं परत परत बघितलं. भरतकाम करणारीनं एकच टाका उसवून परत घालावा तसं. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मोबाईल. मुख्याध्यापिका बाईंना हसत होते ना मी, घ्या आता.

मग एक दिवस, शनिवारची शाळा होती सकाळची, घरी येऊन मी बघितलं. ती गच्चीत चहा घेऊन बसली होती, केस मोकळे, हसतेय. वर इंग्रजीत लिहिलेलं की माझा शांत वीकेंड. गाणंही तसलंच असणार. आणि हसऱ्या तोंडानं ती म्हणत होती, "मंगळवारपासून मी कोणाशीच बोलले नाहीये. केळीवाल्याशी बोलले. तो 'किती' म्हणाला, मी 'सहा' म्हटलं." मग कपाकडे बघत म्हणाली, "मोठ्यानं बोलून बघतेय, आवाज आहे का अजून." आणि परत हसली, कॅमेऱ्यासाठी. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती नशीबवान आहेस, असं आयुष्य हवं.

मी काय करायला हवं होतं, सांगा. फोन उचलायला हवा होता. पण फोन करून सांगणार काय? तुला कसं कळलं, विचारलं असतं तिनं. मग जास्वंद सांगावी लागली असती, चोरून वाचणं सांगावं लागलं असतं, आणि ती गप्प झाली असती. तिच्या तोंडचं जे काही खरं माझ्यापर्यंत पोचत होतं ते त्या एका भोकातून, तेही बुजलं असतं. म्हणून मी रविवारची वाट बघितली. फोन केला. कशी आहेस गं? मस्त. मैत्रिणी वगैरे? आहेत की. कालचा दिवस कसा गेला? मस्त, आराम केला. तिचा आवाज इतका छान येत होता अण्णा, कुठे भेग नाही, काही नाही. कान असलेल्या माणसाला त्यात काहीही सापडलं नसतं.

पुढच्या रविवारी तिनं परत "मस्त" म्हटल्यावर माझ्या तोंडून गेलंच, अगं बाहेर पड, बोलत जा कोणाशीतरी. ती म्हणाली, मी बोलत नाही असं तुला कोणी सांगितलं?

मी म्हटलं, "तूच. केळीवाल्याचं."

फोनवर गप्प माणसाचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे मला काही कळत नव्हतं. मग म्हणाली, मला फॉलो करणाऱ्यांत एक बिननावाची जास्वंद आहे, ती तू आहेस? हो म्हटलं. आणि तू आबांसारखं सगळं… हो म्हटलं. कधीपासून? दिवाळीपासून. रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं. "अच्छा," एवढंच म्हणाली, आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

पुढचा व्हिडिओ आला त्यात तिचा चेहराच नव्हता. नुसते हात. हात कणीक मळतायत, हात कोथिंबीर निवडतायत, हात कुंडीला पाणी घालतायत. लोकांना तेही आवडलं, उलट जास्तच. मी मात्र त्या हातांकडे बघत बसायचे. सुंदर हात आहेत, माझ्या आईवर गेलेत. त्यातून मला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आणि तिचे रोज फोन यायला लागले, व्हिडिओवाले. आईला एकटं वाटतं म्हणून ती असलं काहीतरी करत बसते, असं तिनं ठरवलं असणार. रोज सात वाजता माझ्यासमोर ती बसते, केस विंचरून. जेवलीस का. जेवायचीय. शाळेत काय झालं. मी सांगते. ती हसते. सगळं मस्त. शाळेतल्या मावशी म्हणाल्या, बाई, तुमची पोर गुणाची हाय, रोज फोन करती. मी म्हटलं, हो, गुणाची आहे. खरं सांगते, मला त्या रोजच्या फोनपेक्षा मी बघतेय हे माहीत नसलेली ती मुलगी हवी होती. तिची मला इतकी आठवण यायची की रोज तिच्याशीच बोलून फोन ठेवल्यावर मी रडायचे.

तेव्हा मला माझं लग्न आठवलं. मी मांडवात, बँडवाले अगदी कानाशी, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. तुम्ही तिकडच्या टोकाला, पागोटं वाकडं झालेलं. घरात दोन महिने तुम्ही मला "सांभाळून राहा" पलीकडे काही बोलला नव्हतात. तिथून, त्या गोंगाटातून, माझ्याकडे बघून तुम्ही ओठांनी म्हणालात, "नाही पटलं तर परत ये. कोणाला विचारू नको." एवढं मोठं वाक्य. मांडवात तीनशे माणसं होती आणि ते फक्त आपल्या दोघांत होतं. पटलं हो मला, यायची वेळ आली नाही. पण त्या वाक्यावर मी सगळा संसार केला. आणि मला आत्ता इतक्या वर्षांनी लक्षात येतंय, की तुम्हाला ते आवाजानं म्हणता आलंच नसतं. आवाज चारचौघांचा असतो, त्यात माणूस मस्त म्हणतो.

परवाची गोष्ट. सात वाजता फोन आला. तिनं मस्त म्हटलं, मी बरं म्हटलं. मग मी तिला म्हटलं, अगं तुझा आवाजच येत नाहीये, नेटवर्क गेलं वाटतं. ती ओरडायला लागली, हॅलो, हॅलो आई, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी म्हटलं, ओरडायचं नाही. तोंड दाखव, मग बोल. ती एकदम थांबली. मोबाईल जरा लांब, कशालातरी टेकवून ठेवला, तोंडावर उजेड येईल असा. आधी नुसती बघत राहिली. मग ओठ मोठे उघडून, सावकाश, तुमच्या मांडीवर बसून करायची तसं, म्हणाली, दिसतंय? मी मान हलवली.

मग ती बोलली. आवाज न काढता, गळ्याची शीर हलत नव्हती. व्हिडिओ टाकला की कुणीतरी बघतं, म्हणून टाकते, म्हणाली. म्हणजे मी दिवसभर होते असं वाटतं. आता नुसते हात दाखवते तर मी आहे असंही वाटत नाही. ऑफिसात सगळे चौकोनातले चेहरे, कॅमेरा बंद. सकाळी उठायला होत नाही आई. मग म्हणाली, "मी परत येऊ का? तू म्हणशील, हरली."

माझा हात आपोआप वर गेला. मी तळवा छातीवर दोनदा आपटला. थांब, मी येते. मला वाटलं नव्हतं तिला आठवत असेल, एवढीशी होती ती. ती बघत राहिली. मग तिच्या हातात पेन होतं, मघापासून उघडझाप करत होती, ते तिनं खाली ठेवलं. चष्मा काढून ठेवला. दोन्ही हात मांडीत घेतले आणि शांत बसून राहिली, आणि मग रडली, चांगली पोटभर, आणि मी बघत बसले.

उद्याच्या गाडीचं तिकीट आहे. मानकोली नाक्यावरून बस मिळते, रात्रभराचा प्रवास. शाळेत रजा टाकलीय, मुख्याध्यापिका बाईंनी कारण विचारलं तर म्हटलं, पोरीला घरी आणायला चाललेय, आणि तिला यायचं नसेल तर तिथेच राहीन काही दिवस. मेथीचे लाडू केलेत. इसबगोलही घेतलंय, हसू नका.

हे पत्र कुठे टाकायचं ते काही मला माहीत नाही. तुमच्या फोटोसमोर उभी राहून वाचून दाखवलं मघाशी, ओठांनीच, तोंड दाखवून, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. आता घडी करून लाडवांच्या डब्याखाली अंथरेन, तूप शोषायला कागद हवाच आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. परवा नेटवर्क अगदी चांगलं होतं, अण्णा. आवाज मीच बटण दाबून बंद केला होता. तिला सांगू नका.